गंजीच्या आडोशास केलेली प्रार्थना

(फलटणकडील खेड्यांतील मंडळ्या व त्यांचे सुवार्तिक ह्यांच्यासाठी अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ : मत्तय 9:35 ते 10:8, लूक 18:1–8, मार्क 14:32–42, योहान 12:24.

पाठाचा मुख्य विचार : मनापासून केलेली प्रार्थना प्रथम प्रार्थना करणाऱ्यासच कामास लावते.



सुगी आटोपली म्हणजे फलटणच्या शिवारात कडब्याच्या गंज्या उभ्या राहतात. वळिवाची सर अवचित आली तर गुरे राखणारी पोरे गंजीच्या आडोशास बसतात, व पाऊस उघडला की आपल्या वाटेस लागतात. दोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला, अमेरिका देशात अशाच एका वाळल्या गवताच्या गंजीच्या आडोशास पाच विद्यार्थी पावसामुळे बसले होते. त्यांनी तेथे जी प्रार्थना केली, तिचा संबंध आपल्या मराठी मुलखाशी कसा आला, आणि त्या संबंधात गॉर्डन हॉल नावाच्या एका तरुण मिशनरीचे आयुष्य कसे खर्ची पडले, हे आपण ह्या पाठात पाहू.

हा विषय निवडण्याचे कारण असे की, आपल्या मंडळ्यांत प्रार्थनेविषयी दोन तक्रारी वारंवार ऐकू येतात. कोणी म्हणतो, “पुष्कळ प्रार्थना केली, परंतु देवाने ऐकले नाही.” दुसरा म्हणतो, “आमची पाचसात घरे. आमच्या प्रार्थनेने काय व्हायचे आहे?” ह्या दोन्ही तक्रारी मनाच्या खऱ्या दुःखातून निघतात, म्हणून त्यांस दटावून गप्प करणे योग्य नाही. हॉल ह्यांच्या चरित्रात दोहोंचाही विचार आहे.

1. प्रार्थना कोणास पाठविते?

1806 सालच्या ऑगस्ट महिन्यातील गोष्ट. मॅसॅच्युसेट्स प्रांतातील विल्यम्सटाउन येथे विल्यम्स कॉलेज आहे. तेथील काही विद्यार्थी गावाबाहेर रानात प्रार्थनेस जमत असत. एके दिवशी मेघगर्जना होऊन वादळ उठले, तेव्हा जमलेले पाच जण जवळच्या गंजीच्या आडोशास गेले. आशिया खंडातील लोकांस सुवार्ता कशी पोहोचेल, असा विषय निघाला. एकास ती गोष्ट अकाली वाटली. सॅम्युएल मिल्स नावाच्या विद्यार्थ्याचे म्हणणे मात्र असे पडले की, आपण मनावर घेतले तर हे होण्यासारखे आहे. मग त्यांनी तेथेच त्या कार्यासाठी प्रार्थना केली. त्यांच्यापाशी पैसा नव्हता, गलबत नव्हते, आणि परदेशी मिशनरी पाठविणारी एकही संस्था त्या काळी अमेरिकेत नव्हती.

गॉर्डन हॉल त्या पाचांत नव्हते. ते त्याच कॉलेजात शिकत होते, आणि तेथे पेटलेली ही कळकळ त्यांच्याही अंतःकरणास लागली. त्यांचा जन्म 1784 सालचा. 1808 साली ते पदवीधर झाले, व पुढे धर्मशास्त्राचा अभ्यास करून उपदेश करू लागले. कनेटिकट प्रांतातील वुडबरी येथील मंडळीस त्यांचा उपदेश आवडला, आणि तिने त्यांस आपले पाळक होण्यास बोलाविले. मंडळी बरी होती, गाव चांगले होते, पोटापाण्याची चिंता नव्हती. परंतु ज्या दूरच्या लोकांसाठी आपण देवापाशी मागतो, त्यांच्याकडे देव आपणासच बोलावीत आहे, अशी त्यांची खात्री झाली होती, म्हणून त्यांनी ते आमंत्रण स्वीकारले नाही. 1810 साली अमेरिकन बोर्ड स्थापन झाले, आणि 1812 च्या 6 फेब्रुवारीस सेलम शहरातील मंदिरात हॉल व त्यांचे चार सोबती, जडसन, न्यूएल, नॉट व राइस, ह्यांस हात ठेवून सेवेस नेमण्यात आले.

आता मत्तयाच्या नवव्या अध्यायाची अखेर व दहाव्याचा आरंभ एकत्र वाचा. पीक फार व कामकरी थोडे, ह्यास्तव पिकाच्या धन्याची प्रार्थना करा, असे प्रभू शिष्यांस सांगतो. आपण बहुधा तेथेच पुस्तक मिटतो, कारण अध्याय संपतो. परंतु पुढच्याच ओळीत प्रभू त्याच बारा जणांस जवळ बोलावितो, त्यांस अधिकार देतो व पाठवितो. ज्यांस कामकरी मागावयास सांगितले, तेच कामकरी झाले. प्रभूने त्यांच्या प्रार्थनेस उत्तर दिले ते त्यांच्याच पायांत वहाणा चढवून दिले.

फलटणच्या शेतकऱ्यास हे समजण्यास कठीण नाही. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याची पाळी आपणास लवकर मिळावी, अशी इच्छा प्रत्येकास असते. परंतु ज्याने आपला पाट उकरून गवत काढले नाही, त्याच्या शेतात पाळीच्या रात्रीही पाणी शिरत नाही. ते बांधावरून शेजाऱ्याकडे जाते. शेजारणीच्या आजारासाठी मंडळीत उभे राहून मोठ्याने प्रार्थना करावी, आणि आठ दिवस तिच्या दाराकडे फिरकू नये, ही प्रार्थना पाट न उकरता पाणी मागण्यासारखी आहे. मनापासून प्रार्थना करणारा गुडघ्यांवरून उठतो तेव्हा त्याच्या हातात काही काम आलेले असते.

2. दार बंद असता प्रार्थना

देवाने बोलाविले, म्हणून वाट मोकळी झाली असे मात्र घडले नाही. हे मिशनरी 1812 साली दोन जहाजांनी कलकत्त्यास उतरले, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांस देश सोडण्याचा हुकूम केला. मिशनऱ्यांमुळे लोक बिथरतील अशी कंपनीस भीती होती. त्यातच त्या वर्षी इंग्लंड व अमेरिका ह्यांच्यामध्ये युद्ध सुरू झाले, तेव्हा अमेरिकन मनुष्य शत्रुपक्षाचा ठरला.

हॉल व नॉट मुंबईस निघून आले. 1813 च्या फेब्रुवारीत ते तेथे पोहोचले, तेव्हा हॉल ह्यांस एकोणतिसावे वर्ष चालू होते. त्या वेळी पुण्यास पेशवाई होती, व फलटणास नाईक निंबाळकरांची सत्ता होती. मुंबईसही त्यांच्यामागे हुकूम आलाच : ह्यांस इंग्लंडास परत पाठवावे. गव्हर्नर सर एव्हन नेपियन धर्मशील गृहस्थ होते, परंतु वरच्या सरकारचा हुकूम त्यांस बांधून होता. महिन्यांमागून महिने गेले. शेवटी हे दोघे गुप्तपणे किनाऱ्याच्या एका गलबतावर चढून सिंहलद्वीपाच्या रोखाने निघाले. ते कोचीनपर्यंत गेले, आणि तेथून त्यांस धरून पुन्हा मुंबईस आणण्यात आले.

ह्या प्रसंगाविषयी पुढे मतभेद झाले. गुप्तपणे निघून जाण्यात आपला उद्देश वाईट नव्हता, असे त्यांनी सरकारास कळविले. सरकारास ते आवडले नव्हते. आपण त्यांचा न्याय करण्यास बसलेलो नाही. परंतु इतके ध्यानात ठेवावे की, रात्रीच्या गलबताने जे साधले नाही, ते दिवसाच्या अर्जाने साधले. हॉल ह्यांनी गव्हर्नरास उघड पत्रे लिहिली. त्यांत आर्जव होते, व निर्भयताही होती. ख्रिस्ती अधिकाऱ्यास एके दिवशी ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे उभे राहावयाचे आहे, तर त्याने सुवार्तिकांस ह्या देशातून घालवून द्यावे काय, हे त्यांनी नम्र पण स्पष्ट शब्दांत विचारले. परत पाठविण्याची तयारी चालू असतानाच, 1813 च्या डिसेंबरात, पुढील हुकूम येईपर्यंत राहण्याची मोकळीक त्यांस मिळाली. त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटाने कंपनीची सनद नवी करताना मिशनऱ्यांस परवान्याने ह्या देशात येण्याची वाट ठेविली होती, व पुढे ह्यांचे राहणे कायम झाले.

लूकाच्या अठराव्या अध्यायातील विधवेचा दृष्टांत येथे वाचावा. तिने न्यायाधीशाचे दार सोडले नाही. तिच्यापाशी लाच नव्हती, वशिला नव्हता. आपली बाजू न्यायाची आहे एवढे बळ होते, आणि पुन्हा पुन्हा जाण्याचे पाय होते. खचू नये व सर्वदा प्रार्थना करावी, हे शिकविण्यासाठी प्रभूने हा दृष्टांत सांगितला. त्यासाठी त्याने घरी बसलेल्या बाईचे उदाहरण न घेता कचेरीच्या पायऱ्या झिजविणाऱ्या बाईचे घेतले, हे विशेष आहे.

तुमच्या वस्तीस पाण्याची अडचण असेल, स्मशानभूमीच्या जागेचा वाद असेल, मुलाच्या शाळेचा दाखला अडला असेल, तर अवश्य प्रार्थना करा. आणि प्रार्थना करून उठल्यावर खरी हकीकत लिहून अर्ज करा. अर्ज परत आला तर पुन्हा करा. प्रार्थना करणाऱ्याचा अर्ज मात्र निर्मळ असावा. खोटी सही व खोटा साक्षीदार त्यात येऊ देऊ नये. कारण ज्या कामासाठी आपण देवाचे नाव घेतले, त्यात लबाडी मिसळली तर ते काम देवाचे राहत नाही.

3. मागितले ते न मिळाले तर

आता अवघड भागाकडे येऊ. ह्या मिशनऱ्यांनी मागितलेले सर्व त्यांस मिळाले काय? नाही.

न्यूएल ह्यांची पत्नी हॅरिएट कलकत्त्याहून घालवून दिल्यावर पतीबरोबर मॉरिशस बेटाकडे निघाली. वाटेत समुद्रावर तिला मूल झाले व ते वारले. 1812 च्या नोव्हेंबरात तीही मॉरिशस येथे मरण पावली. तिचे वय एकोणीस वर्षांचे होते. न्यूएल एकटे 1814 साली मुंबईस हॉल ह्यांस येऊन मिळाले, आणि 1821 साली पटकीने निवर्तले. नॉट ह्यांस आजारामुळे 1815 सालीच परत जावे लागले. मागाहून आलेल्यांपैकी निकल्स 1824 साली व फ्रॉस्ट 1825 साली वारले. हॉल ह्यांच्या स्वतःच्या घरातही मुलांचे मृत्यू झाले. 1825 साली त्यांची पत्नी उरलेल्या मुलांस घेऊन त्यांच्या प्रकृतीसाठी अमेरिकेस गेली, आणि हॉल कामासाठी मुंबईत मागे राहिले. पतिपत्नींची पुन्हा भेट झाली नाही.

इतके करून फळ काय? त्यांनी मराठी भाषा शिकून घेतली, रस्त्यात, बाजारात व देवळांच्या आवारात लोकांशी भाषण केले, शाळा काढल्या, छापखाना घातला, आणि 1817 साली त्यांची पहिली मराठी पुस्तिका छापून निघाली. 1824 साली मुंबईत मुलींसाठीही शाळा सुरू झाली. परंतु बाप्तिस्मा घेणारे लोक फारच थोडे निघाले. तेरा वर्षांच्या श्रमानंतर हॉल ह्यांस भरलेली मराठी मंडळी दृष्टीस पडली नाही.

तुमच्यापैकी कित्येकांनी आजारी लेकरासाठी रात्रभर प्रार्थना केली असेल, आणि सकाळी ते लेकरू गेले असेल. कोणी शेजारी म्हणाला असेल, “तुमचा विश्वास कमी पडला.” सुवार्तिक बंधूंनो, हे वाक्य शोक करणाऱ्या घरात कधीही उच्चारू नका. ज्या घरी मूल गेले, त्या घराच्या विश्वासाचे माप घेण्याचा अधिकार आपणास कोणी दिलेला नाही. गेथशेमाने बागेत प्रभूने हा प्याला टळावा म्हणून मागितले, आणि प्याला टळला नाही. प्रभूचा विश्वास कमी पडला असे कोण म्हणेल? त्याने आपली इच्छा लपविली नाही. पित्याची इच्छा त्याने आपल्या इच्छेच्या वर ठेविली. मागणे व सोपविणे ही दोन्ही त्या एका प्रार्थनेत आहेत.

येथेच प्रार्थना व नवस ह्यांतील भेद दिसतो. नवस हा करार आहे : तू हे दे, मी ते देईन. आपल्यातील पुष्कळांच्या वाडवडिलांनी नवस केले, व ती सवय मनातून सहज जात नाही. बाप्तिस्म्यानंतरही कोणी म्हणतो, “मुलगा पास झाला तर मंडळीस घड्याळ देईन.” घड्याळ देणे चांगले आहे, परंतु देवाशी सौदा करणे चांगले नाही. सौद्यात माल न मिळाला तर मनुष्य दुकान बदलतो. लेकरू बापापाशी भाकर मागते, तेव्हा ते बदल्यात काय देईन हे सांगत नाही. आणि बापाने एखादी वस्तू दिली नाही, म्हणून दुसरा बाप शोधावयास जात नाही. हॉल ह्यांनी पत्नी व मुले दूर गेल्यावरही काम सोडले नाही, ह्याचा अर्थ त्यांस दुःख नव्हते असा नव्हे. त्यांचा देवाशी सौदा नव्हता, एवढाच त्याचा अर्थ आहे.

4. दाणा भुईत पडला

1826 च्या मार्च महिन्यात हॉल सुवार्तेच्या फेरीस निघून घाट चढून नाशिकास गेले. दोन ख्रिस्ती मुलगे त्यांच्याबरोबर होते. नाशिकास पटकीची साथ भयंकर चालू होती. पंढरीची पालखी फलटणावरून जाते. जत्रांच्या वाटेने पटकी गावोगाव कशी पसरत असे, ह्याच्या गोष्टी आपल्या भागातील घराघरांत सांगितल्या गेल्या आहेत. त्या काळी तीवर खात्रीचा उपाय नव्हता. हॉल ह्यांनी थोडेसे वैद्यकाचे ज्ञान मिळविले होते व औषधे जवळ बाळगली होती. ती त्यांनी नाशिकच्या आजारी लोकांस वाटली, उपदेश केला, पुस्तके दिली, आणि काही दिवसांनी ते परत फिरले.

वाटेत एका खेड्यातील देवळाच्या ओसरीवर ते रात्री निजले. 20 मार्चच्या पहाटे त्यांस पटकीची बाधा झाली. औषध बहुतेक सर्व वाटून झालेले होते. आपण वाचणार नाही हे त्यांनी ओळखले, आणि सोबतच्या मुलांस पुढे काय करावे ते सांगितले. आपली दूर असलेली पत्नी व मुले, सहकारी आणि भोवतालचे लोक, ह्या सर्वांसाठी त्यांनी प्रार्थना केली, व देवाचे गौरव तीन वेळा उच्चारून सुमारे दुपारी प्राण सोडला. त्यांचे वय एकेचाळीस वर्षांचे होते. त्या मुलांनी कांबळ्यात गुंडाळून त्यांस मातीआड केले. पेटी मिळाली नाही.

त्याच 1826 साली मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात मराठी नवा करार छापून पूर्ण झाला. त्या भाषांतराच्या कामात हॉल ह्यांचे श्रम होते. 1831 साली अहमदनगर येथे ह्या मिशनचे काम सुरू झाले, 1842 साली तेथून ‘ज्ञानोदय’ निघाले, आणि 1849 साली साताऱ्यास ठाणे झाले. हॉल ह्यांचे सहकारी ॲलन ग्रेव्ह्ज महाबळेश्वरी राहून 1843 साली तेथेच निवर्तले. कवी नारायण वामन टिळक ह्याच मिशनच्या सेवेत होते, आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ते साताऱ्यास राहिले. ह्यांपैकी नवा करार सोडून काहीच हॉल ह्यांच्या ध्यानीमनी असण्याचा संभव नव्हता. आणि गंजीच्या आडोशास प्रार्थना करणाऱ्यांत पुढाकार घेणारे मिल्स ह्यांस हिंदुस्थान कधी दिसलाच नाही. आफ्रिकेहून परतताना 1818 साली ते समुद्रावर वारले. त्या पाचांपैकी रिचर्ड्स हे जाफना येथे मिशनरी होऊन गेले, व 1822 साली तेथेच त्यांचा अंत झाला.

पेरणाऱ्यासच कापणी दिसेल असे वचन देवाने दिलेले नाही. दाणा भुईत पडून मेला तर पुष्कळ फळ देतो, एवढेच प्रभूने सांगितले आहे. किती दिवसांनी देतो, हे सांगितले नाही. पाचसात घरांच्या मंडळीने हे विसरू नये. ती पाचच मुले होती. त्यांच्यापाशी मंदिर नव्हते, पेटीवाद्य नव्हते. डोकीवर छप्परही नव्हते.

खऱ्या प्रार्थनेच्या तीन खुणा

पहिली खूण : ती मनुष्यास काही करावयास लाविते. प्रार्थनेनंतर आठ दिवसांत तुमच्या हातून त्या बाबतीत काहीच झाले नाही, तर ती प्रार्थना तपासून पाहा.

दुसरी खूण : ती उजेडात चालते. जे मागितले ते मिळविण्यासाठी लपूनछपून वाट शोधावी लागत असेल, तर थांबून पुन्हा विचारा.

तिसरी खूण : नकार मिळाल्यावर ती संपत नाही. देवाने मागितलेले दिले तर जो उपासनेस येतो, व न दिले तरी येतो, त्याची प्रार्थना खरी.

सुवार्तिकांस सूचना

हा पाठ एकाच बैठकीत संपविण्याचा आग्रह धरू नये. दोन आठवडे घ्यावेत. पहिल्या आठवड्यात मत्तय व लूक येथील भाग, दुसऱ्यात मार्क व योहान येथील. ज्यांस वाचता येत नाही अशा वृद्ध भगिनींस हॉल ह्यांची हकीकत गोष्टीसारखी सांगावी, आणि मग त्यांसच विचारावे की, तुम्ही असत्या तर देवापाशी काय मागितले असते. ज्या घरी नुकताच मृत्यू झाला असेल, त्या घरच्यांस तिसऱ्या भागाविषयी सर्वांसमक्ष प्रश्न विचारू नयेत. त्यांच्या घरी जाऊन स्वस्थ बसावे, व त्यांनी विषय काढला तर बोलावे.

प्रश्न

1. मत्तय 9:38 मध्ये शिष्यांस काय मागण्यास सांगितले, आणि दहाव्या अध्यायात कोणास पाठविले?

2. वुडबरी येथील चांगली मंडळी हॉल ह्यांनी का स्वीकारली नाही? त्या मंडळीचे पाळक होणे पाप होते काय?

3. कोचीनचे गलबत व गव्हर्नरास लिहिलेली पत्रे ह्यांत काय भेद आहे?

4. गेथशेमानेतील प्रार्थनेत प्रभूने काय मागितले व काय सोपविले?

5. मागील वर्षी तुम्ही ज्या एका मनुष्यासाठी प्रार्थना केली, त्याच्या घरी तुम्ही किती वेळा गेला?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर मंडळीत मोठ्याने देऊ नये. प्रत्येकाने ते मनात द्यावे, आणि संख्या कमी निघाली तर ह्याच आठवड्यात त्या घराची वाट धरावी. तेथे पोहोचल्यावर काय बोलावे हे सुचले नाही तरी चिंता नाही. आधी ख्यालीखुशाली विचारावी, पाणी दिले तर प्यावे, आणि त्या मनुष्याचे नाव घेऊन त्याच्याच उंबऱ्याच्या आत एक लहानशी प्रार्थना करावी. आकाशातील पिता आपल्या सर्व मंडळ्यांस अशी प्रार्थना करण्यास शिकवो. आमेन.